डोळ्यांत टिपूस नाही म्हणून

पुणे जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 47, बँकेत नोकरी. माहेरच्या मंडळींचा 31 जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एका रविवारी कुणीतरी त्यावर आरुषी-हेमराज खून खटल्याचा जुना व्हिडिओ टाकला आणि संध्याकाळपर्यंत चर्चा रंगली. आई-बापांनीच मारलं, की नोकरांनी, की आणखी कुणी? ताईंनी लिहिलं, "एकुलती एक पोर गेली आणि आई टीव्हीवर शांतपणे मुलाखत देते. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. खऱ्या आईला हे जमणारच नाही." त्यावर अकरा अंगठे पडले. सकाळी उठून पाहतात तर मोठ्या वहिनींनी ग्रुप सोडलेला.

वहिनींचा 22 वर्षांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी दुचाकीच्या अपघातात गेला. वहिनी शाळेत शिक्षिका. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी त्या वर्गावर हजर झाल्या. चारचौघांत त्यांना रडताना कुणी पाहिलेलं नाही. आता त्या ताईंचा फोन उचलत नाहीत. दादा म्हणतो, "मनावर घेऊ नकोस, तिचं हल्ली असंच असतं." गौरी दादाकडे बसतात आणि सण दोन आठवड्यांवर आला आहे.

ताई विचारतात: मी टीव्हीतल्या बाईबद्दल बोलले, वहिनीबद्दल नाही, मग माफी कशाची मागू? एवढ्या गाजलेल्या खटल्यावर माणसाला मतच असू नये का? आणि मला अजूनही वाटतं की आई-बापांनीच केलं असावं. मग शब्द मागे घेणं हा खोटेपणा होणार नाही का? पत्राच्या तळाशी, वेगळ्या पेनाने, एक ओळ आहे: "भाचा गेला तेव्हा आम्ही बहिणी स्वयंपाकघरात बोललो होतो, की वहिनीचं काळीज दगडाचं आहे."

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. ती लिहिली नसतीत तर मी कदाचित एवढंच म्हटलं असतं, की नकळत शब्द लागला, फोन करा, विषय संपवा. पण ती ओळ तुम्ही लिहिलीत, आणि वेगळ्या पेनाने लिहिलीत. म्हणजे पत्र पुरं झाल्यावर, पाकीट बंद करण्याआधी, तुम्हाला काहीतरी टोचलं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत आहे. तुम्ही बोललात टीव्हीतल्या बाईबद्दल, पण ज्या मापाने तिला मोजलंत ते माप दोन वर्षांपूर्वी दादाच्या स्वयंपाकघरात तयार झालं होतं. स्वयंपाकघरातलं बोलणं बाहेर गेलं नसेल असं आपण धरून चालतो. वहिनींच्या कानावर ते गेलं असेल असं मला वाटतं. भिंती पातळ असतात, आणि दुःखातल्या माणसाचे कान फार तिखट होतात.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझे वडील गेले तेव्हा घरात मोठी मीच. पहाटे दवाखान्यातून निरोप आला आणि त्या क्षणापासून मी यादी करत सुटले. दाखला कुठे मिळेल, शववाहिनीला कुणी फोन करायचा, सामान कोण आणणार, गावाकडच्यांसाठी किती वेळ थांबायचं. माणसं येत होती, मी चहा टाकत होते. दूध संपलं तर पिशव्या आणायला शेजारच्या मुलाला पाठवलं आणि उरलेले पैसे मोजून घेतले. दारात उभी असलेली एक मावशी दुसरीला हलकेच म्हणाली, "हिला बघ, हिशोब करते आहे." मी ते ऐकलं आणि चहात साखर घातली.

अठराव्या दिवशी इस्त्रीवाला दारात आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. बाबांचे चार शर्ट घडी करून घेऊन आला होता. वर बारीक चिठ्ठी, त्यावर आमचा फ्लॅट नंबर. मी पैसे दिले, दार लावलं आणि ते चार शर्ट मांडीवर घेऊन तासभर फरशीवर बसून राहिले. तिथे मावशी नव्हती. त्या तासाला साक्षीदार नाही, म्हणून आमच्या नातेवाइकांच्या लेखी तो तास झालाच नाही.

वहिनींचाही असा एक तास कुठेतरी असेल. त्या चौदाव्या दिवशी वर्गावर गेल्या याचा अर्थ तुम्ही काय लावलात? त्या सावरल्या, किंवा त्यांना फारसं काही वाटलंच नाही. मला तिसराच अर्थ दिसतो. घरी त्याची खोली होती. वर्गात फळा होता, हजेरी होती, पस्तीस मिनिटांचे तास होते. एक संपला की दुसरा. त्यांनी दिवस ढकलायला जागा शोधली असेल.

आता ज्या बाईंबद्दल तुम्ही लिहिलंत त्यांच्याकडे वळते, कारण तुमचा तिसरा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला टाळून चालणार नाही.

16 मे 2008 च्या सकाळी नोएडातल्या जलवायु विहारमधल्या घरात आरुषी मृतावस्थेत सापडली. तिचा चौदावा वाढदिवस आठ दिवसांवर होता. घरात काम करणारे हेमराज बेपत्ता होते, म्हणून त्या दिवशी पोलिसांनी आणि पाठोपाठ सगळ्या देशाने ठरवून टाकलं की खुनी तेच. नेपाळहून आलेला नोकर, आणखी काय हवं? गच्चीचं कुलूप त्या दिवशी कुणी उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी ते उघडलं तेव्हा हेमराज यांचा मृतदेह तिथे होता. ताई, जरा थांबून विचार करा. ज्याला आपण दिवसभर खुनी म्हणत होतो तो माणूस त्या सगळ्या वेळात गच्चीवर मरून पडला होता. जनतेचा पहिला निकाल चोवीस तासांत खोटा ठरला. त्याबद्दल हेमराज यांच्या बायकामुलांची माफी मागितलेली मला आठवत नाही. आपण नुसतं बोट वळवलं.

23 मे ला आरुषीचे वडील डॉ. राजेश तलवार यांना अटक झाली. त्याच दिवशी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने पत्रकार परिषद घेतली. त्यात मुलीचं नावही चुकीचं घेतलं गेलं आणि तिच्या चारित्र्याबद्दल नको ते सुचवलं गेलं. वडील कोठडीत, मुलीची राख थंड झालेली नाही, आणि त्या दिवसांत आई डॉ. नूपुर टीव्हीवर बोलल्या. त्या मूळच्या चिटणीस, आपल्याकडच्याच, हवाई दलातल्या अधिकाऱ्याची लेक. नवऱ्याची बाजू मांडायला त्या बसल्या आणि देशाने त्यांचं बोलणं बाजूला ठेवून डोळे तपासले. कोरडे आहेत! बस्स. तुम्ही ग्रुपवर लिहिलेलं वाक्य तेव्हा लाखो घरांत बोललं गेलं. माझ्याही घरात बोललं गेलं. बोलणारी मीच होते, आणि माझ्या कपाटात आजही ते चार शर्ट आहेत. म्हणून तुम्हाला वरून उपदेश करण्याचा मला काही अधिकार नाही. मी तुमच्या शेजारी बसून बोलते आहे.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. सीबीआयने तपास हाती घेतल्यावर तीन कामगार तरुणांना अटक झाली, त्यांच्या नार्को चाचणीची दृश्यं वाहिन्यांवर फिरली, आणि पुराव्याअभावी ते सुटले. डिसेंबर 2010 मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. जानेवारी 2011 मध्ये गाझियाबाद कोर्टाच्या आवारात एका तरुणाने डॉ. राजेश यांच्यावर सुऱ्याने वार केले. सीबीआयच्या अहवालात आई-बापांवर संशय होता, पण खटला भरण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं होतं. न्यायदंडाधिकाऱ्यांनी तोच आधार धरून दोघांना आरोपी केलं. नोव्हेंबर 2013 मध्ये जन्मठेप. 12 ऑक्टोबर 2017 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. त्याविरुद्धची अपिलं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दाखल करून घेतली.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, "तरी मला वाटतं." वाटू दे. मनात काय वाटावं यावर कुणाचा पहारा नाही. पण ते वाटणं कशावर उभं आहे हे एकदा चाचपून बघा. दाराची कडी, रक्ताचे डाग, वेळा, साक्षी यांच्यावर उभं असेल तर ते मत आहे. त्यावर वाद घालता येईल. फक्त कोरड्या डोळ्यांवर उभं असेल तर त्या बाईंनी मुलीला मारलं असं त्यातून कळत नाही. आईने दुःख कसं करावं याबद्दल तुमच्या मनात काय बसलं आहे, तेवढंच त्यातून कळतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 1980 मध्ये उलुरू नावाच्या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी तंबूतून नऊ आठवड्यांची अझारिया नावाची मुलगी नाहीशी झाली. आई लिंडी चेंबरलेन म्हणत होती, डिंगोने नेली. डिंगो म्हणजे तिकडचं रानकुत्रं. ती कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडली नाही. लोकांनी तिचे कपडे मोजले, तिच्या धर्मपंथाबद्दल अफवा उठवल्या. 1982 मध्ये तिला जन्मठेप झाली. गाडीत सापडलेलं म्हणून जे बाळाचं रक्त सांगितलं गेलं, ते आवाज दाबण्यासाठी गाडीला लावतात तो लेप निघाला. 1986 मध्ये डिंगोंचा वावर असलेल्या जागेजवळ बाळाचं जाकीट सापडलं आणि ती सुटली. मुलीच्या मृत्यूच्या दाखल्यावर "डिंगो" हे कारण लागायला 2012 उजाडावं लागलं. बत्तीस वर्षं! त्यातली तीन तुरुंगात, आणि बाकीची लोकांच्या नजरेत.

म्हणून मत असूच नये का, हा तुमचा दुसरा प्रश्न. असावं, ताई. नुसतं असू नये, बोलावं. गप्प बसलेल्या समाजात न्याय होत नाही, हे महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असणार, असा तो विचार होता. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहून या विचारालाच आव्हान दिलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

त्या निकालाचा तर्क आणि तुमचं वाक्य शेजारी ठेवून बघा. ओरडली नाही, म्हणजे तिची हरकत नव्हती. रडली नाही, म्हणजे तिनेच मारलं. दोन्हीकडे बाईच्या देहाकडून एक ठरलेलं वागणं अपेक्षित आहे आणि ते दिसलं नाही की ती दोषी. पहिल्या तर्काविरुद्ध आपण मोर्चे काढले. दुसरा आपण रविवारी दुपारी ग्रुपवर टाकतो. तुम्हाला दुखवायला मी हे लिहीत नाही. तुम्ही कुणावर अन्याय व्हावा म्हणून बोलला नव्हतात. तुम्ही त्या मेलेल्या पोरीच्या बाजूने बोलत होतात, हे मला तुमच्या पत्रात स्पष्ट दिसतं. तळमळ खरी होती. माप चुकीचं होतं.

आणखी एक पुण्याचं उदाहरण देते, कारण तुम्ही त्याच भागातल्या आहात. जून 1982 मध्ये मंजू सारडा ही चार महिन्यांपूर्वी लग्न झालेली मुलगी पुण्यातल्या सासरी विषाने मेली. नवऱ्याला फाशी सुनावली गेली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सुना जळण्याचे, मरण्याचे ते दिवस. लोकांना, विशेषतः बायकांना, तो निकाल फार लागला, आणि तो राग मला आजही समजतो. पण त्याच निकालात परिस्थितीजन्य पुरावा, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून जोडलेला पुरावा, कसा तपासायचा याची पाच सूत्रं आहेत. वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात आणि आजही देशभरातल्या कोर्टांत ती रोज वाचली जातात. त्यातलं पहिलंच सूत्र असं, की "केलं असेल" आणि "केलंच आहे" यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर पुराव्याने भरून काढावं लागतं, अंदाजाने नाही. तुमच्याच पत्रात तुम्ही मला लिहिलंत, "केलं असावं". ग्रुपवर मात्र लिहिलंत, "खऱ्या आईला हे जमणारच नाही." "असावं"वरून "नाहीच"वर तुम्ही रविवारी कधी पोचलात? माझा अंदाज, तिसऱ्या-चौथ्या अंगठ्याच्या आसपास.

म्हणून तुम्हाला मत बदलायला मी सांगत नाही. मागे घ्यायचं आहे ते एकच वाक्य: खरी आई अशी नसते. त्यात खोटेपणा कुठे आला? ते वाक्य तलवारांच्या खटल्याबद्दल नव्हतंच. ते सगळ्या आयांबद्दल होतं, आणि त्यातली एक आई तुमच्या ग्रुपवर ते वाचत होती.

आता काय करायचं. तुमच्यासमोर मला तीन वाटा दिसतात. सणाला नेहमीसारखं जायचं आणि काही झालंच नाही असं वागायचं, ही पहिली. आपल्या घरांत बहुतेक वेळा हेच होतं. पण गौरींच्या दिवशी घरात वीस माणसं असतात, वहिनी सोवळ्यात, पुरणाच्या गडबडीत; तुम्ही हळदीकुंकवाला समोर उभ्या राहाल आणि त्यांना तुमच्याशी हसावं लागेल. ज्या बाईला दोन वर्षं सगळ्यांसमोर कसं दिसायचं हे सांगितलं गेलं, तिला पुन्हा सगळ्यांसमोर उभं करू नका. दुसरी वाट दादाला मध्ये घालण्याची. तीही नको. दादा "तिचं हल्ली असंच असतं" म्हणतो, म्हणजे त्याच्याकडेही वहिनींच्या दुःखाला शब्द नाहीत. आणि मुलगा त्याचाही गेला आहे, हे आपण विसरतो आहोत. त्याला निरोप्या करू नका. वेळ काढून त्याच्यापाशीही नुसतं बसा.

तिसरी वाट म्हणजे तुम्ही एकट्या, सणाच्या आधी, एखाद्या साध्या दिवशी, शाळा सुटल्यावर तासाभराने जायचं. आधी एक निरोप पाठवा: "वहिनी, गुरुवारी पाचला येते आहे. तुला नको असेल तर तसं सांग, मी दुसऱ्या दिवशी येईन." फोन करू नका, त्या उचलत नाहीत आणि न उचलण्याचाही त्यांना त्रास होत असेल.

गेल्यावर, "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असं म्हणू नका. त्या "तर"मध्ये सगळी माफी वाहून जाते, आणि चूक तिच्या हळवेपणाची ठरते. केलेलं सरळ सांगा. "मी ग्रुपवर लिहिलं की खरी आई रडते. ते चूक होतं. आणि तो गेला तेव्हाही आम्ही तुझ्याबद्दल असंच बोललो होतो. तेही चूक होतं." हे दुसरं वाक्य बोलायला जड जाईल. ते टाळलंत तर त्यांना कळेल की तुम्ही वरवरचं पुसायला आला आहात. बहिणींची नावं मात्र घेऊ नका, तुमच्यापुरतं बोला.

त्यानंतर भाच्याचं नाव घ्या. दोन वर्षांत त्या घरात त्याचं नाव किती जणांनी मोठ्याने घेतलं असेल? लोक "तो विषय" म्हणतात. तुमच्याकडे त्याची एखादी आठवण असेलच. सुट्टीत तुमच्याकडे राहायला आला तेव्हा काय खायचा, कशावरून भांडायचा. ती एक सांगा. वहिनी उठून आत गेल्या तर जाऊ द्या. रडल्या तर लगेच पाणी आणून "रडू नकोस" म्हणू नका, आणि नाही रडल्या तर तेही मनात टिपून ठेवू नका. ग्रुपमध्ये परत ये, असा आग्रह तर अजिबात नको.

ग्रुपवर स्वतंत्र दोन ओळी लिहा. "त्या दिवशी आईच्या रडण्याबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. कोण कसं दुःख करतं यावरून काहीच कळत नाही." वहिनींचं नाव नको, स्पष्टीकरण नको. कुणी विचारलंच तर तेवढंच पुन्हा लिहा. अकरा अंगठ्यांतल्या एखाद्यालाही तेव्हापासून चुकल्यासारखं वाटत असेल.

हे वाचणाऱ्या इतरांनाही एक विनंती आहे. सध्या कुठला ना कुठला घरातल्या खुनाचा खटला आपल्या मोबाइलवर असतोच. बोलायचं तर तपास कसा झाला, जागा कुणी तुडवली, गच्चीचं दार का उघडलं नाही, खटला इतकी वर्षं का रेंगाळला, असं विचारा. या प्रश्नांची उत्तरं मागायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. चेहऱ्याबद्दल, कपड्यांबद्दल, रडण्याबद्दल लिहायला बोट गेलं तर आधी ग्रुपमधल्या माणसांची यादी उघडून नावं वाचा. कुणाचं मूल गेलं आहे, कुणाच्या नवऱ्याने आत्महत्या केली आहे, कुणाचा भाऊ कुठल्या प्रकरणात अडकला आहे. तीस-चाळीस माणसांत असं एक तरी नाव सापडतं. आणि घरात मुलं असतील, त्यांच्यासमोर हे व्हिडिओ चालत असतील, तर त्यांना विचारा की ते पाहून त्यांना काय वाटतं. दहा-बारा वर्षांचं मूल आई-बापांनी मुलीला मारल्याची चर्चा जेवताना ऐकतं आणि रात्री दिवा मालवू देत नाही, अशी दोन पत्रं माझ्याकडे याच सदरात आलेली आहेत.

ताई, वहिनींनी दारच उघडलं नाही, किंवा उघडून "ठीक आहे" एवढंच म्हणाल्या, तरी गौरींना जा. आवाहनाच्या आदल्या दिवशी कामाला जा, भाज्या निवडायला बसा, जे त्या सांगतील ते करा. या वर्षी त्या बोलल्या नाहीत तर पुढच्या वर्षी पुन्हा जा. आणि स्वयंपाकघरात बहिणी जमल्यावर त्यांच्याबद्दल कुणी काही सुरू केलं, तर या वेळी तुम्ही तिथे आहात.

काय झालं ते मला कळवावंसं वाटलं तर कळवा. ते पत्र छापणार नाही.